आई-बाबांना डिमेंशिया आहे, मग पेनड्राइव्हमध्ये कोणती गाणी भरायची?

नमस्कार. जुन्या कॅसेटवरची गाणी पेनड्राइव्हवर उतरवून देणं हे आमचं काम, नागपुरात सीताबर्डीला कित्येक वर्षं हेच करून राहिलो. पण हल्ली एक वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलं, डिमेंशिया म्हणजे विसरण्याचा आजार झालेल्यांच्या घरचं (अल्झायमर हा त्यातलाच एक प्रकार). म्हणतात, आईला अल्झायमर आहे, बाबा ओळखत नाहीत, डॉक्टर म्हणाले गाणी लावून पाहा, तर तुम्हीच भरून द्या काहीतरी. काय भरू विचारलं की बहुतेक जण म्हणतात भजनं टाका, म्हातारं माणूस आहे. तिथंच गडबड होते, म्हणून हा कागद छापला.

भजनाला आमचा विरोध नाही बरं का. पण माणसाच्या डोक्यात पक्की बसतात ती साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षात ऐकलेली गाणी. आजींचा जन्म १९४५ चा असेल तर १९५५ ते १९७५ धरा, आज त्या ऐंशीच्या घरात आहेत म्हणून म्हातारपणाचं गाणं नका शोधू. घरी रेडिओ होता का ते विचारा, आकाशवाणी नागपूर १९४८ पासून आहे, विविध भारती १९५७ ला आली. रेडिओ नसेल तर गावात काय ऐकलं? तुकडोजी महाराज १९६८ पर्यंत होते, त्यांची खंजिरी समोर बसून ऐकलेली माणसं अजून आहेत, अशांना भजनच द्या, बिनधास्त. लग्नात बँडवाल्यानं काय वाजवलं होतं हे मामाला नाहीतर मोठ्या आत्याला विचारा, तिथून हमखास काहीतरी निघतं.

असं काहून होतं? अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा नवीन आठवणी आधी जातात. २०१५ च्या एका अभ्यासात दिसलं की ओळखीची गाणी सांभाळणारा मेंदूचा भाग बाकीच्या मानानं बराच काळ शाबूत राहतो. नाव आठवत नाही पण चाल आठवते, ते यामुळं.

माझ्या आईचं सांगतो. शेवटी शेवटी ती दिवसभरात चार शब्दही बोलत नव्हती. कोजागिरीच्या आसपास मी तिच्याजवळ बसून भुलाबाईचं गाणं म्हणायला लागलो, लहानपणी बहिणींचं ऐकलेलं, त्यात सासू सासरे दीर नणंद अशी सगळी ओळीनं येतात. मी चुकून दिराच्या आधी नणंद घेतली. आईनं माझ्या हातावर चापट मारली आणि स्पष्ट म्हणाली, "दीर." मग पुढची दोन कडवी तिनंच म्हटली, मला नीट येतही नव्हती. त्या दिवसापासून मी मुद्दाम चुकायला लागलो, रोज नाही जमायचं, पण जमायचं.

म्हणून आमच्या पेनड्राइव्हपेक्षा तुम्ही स्वतः गायलेलं जास्त कामाचं, धंद्याचं नुकसान झालं तरी चालेल. आवाज कसा का असेना. आंघोळ घालताना, वेणी घालताना गुणगुणा, अंगाला हात लावला की चिडणारं माणूसही पुष्कळदा निवतं. फक्त परीक्षा घेऊ नका, "सांग पाहू हे कोणी गायलं?" असं विचारलं की बिचारं माणूस घाबरतं आणि गाण्याचा मजाच जातो.

लावायचं कसं तर वीस-तीस मिनिटं पुरे, दिवसभर चालू ठेवलं की तो नुसता गोंगाट. ज्यांना संध्याकाळी बेचैनी वाढते त्यांच्यासाठी चार-साडेचारलाच लावा, चिडचिड सुरू व्हायची वाट नका पाहू. यूट्यूबवर मधेच जोरात जाहिरात येते, दचकतात. आणि नागपुरातला खास प्रॉब्लेम म्हणजे कूलर! मे महिन्यात त्याच्या घरघरीत म्हाताऱ्या कानाला गाणं वेगळं ऐकूच येत नाही, मग आपण म्हणतो आईला आवडत नाही. स्पीकर कूलरपासून लांब पण त्यांच्या जवळ ठेवा, तेवढा वेळ कूलर हळू करा, कानात मळ आहे का तेही एकदा डॉक्टरला दाखवा.

एखाद्या गाण्यानं रडू आलं तर हात धरून बसा, पण त्रास होतोय असं वाटलं तर बंद करा, ते गाणं आम्हाला कळवा, काढून देतो. गाणं म्हणजे औषध नाही, गोळ्या चालूच ठेवायच्या. एक-दोन दिवसांत अचानक जास्तच भ्रमल्यासारखं करायला लागले तर गाणी लावत बसू नका, लघवीचं इन्फेक्शन किंवा अंगातलं पाणी कमी होणं असूही शकतं, लगेच डॉक्टर गाठा.

आता कॅसेटचं. घरच्या आवाजाची कॅसेट असेल, बारशाची, आजोबांच्या पेटीची, ती सगळ्यात आधी आणा. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर घरच्या प्लेअरमध्ये अजिबात घालू नका, पट्टी तुटते आणि प्लेअरचं हेडही खराब होतं. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठ मिनिटंच लागतात, त्यामुळं उभ्या उभ्या मिळणार नाही. शनिवारी दुपारी गर्दी कमी असते, आईला सोबत आणलं तरी चालेल, दोन खुर्च्या आहेत, कूलर मात्र आमचाही आवाज करतो.