कच्छी चांदीवरची नक्षी कोरलेली नसते

ब्रिटिश काळातल्या चांदीच्या टी-सेटचा फोटो दिसला की खाली ‘अप्रतिम कोरीवकाम’ हमखास लिहिलेलं असतं. लिलावाच्या याद्यांतही हेच वाचून मी कंटाळलो आहे. भूजचे चांदीचे कारागीर उमरशी मावजी यांच्या भांड्यांवरच्या दाट वेली आणि त्यांत लपलेले प्राणी कोरलेले नाहीत, ठोकून उठवलेले आहेत. मद्रासच्या पी. ऑर अँड सन्स या पेढीच्या भांड्यांवरचे देवही तसेच.

कोरताना कलमाने धातूची बारीक तार कापून निघते. साहेबाची आद्याक्षरं, कुलचिन्ह, रेजिमेंटचं नाव हे सगळं असं कोरलेलं. ठोकीव कामात धातू निघत नाही, फक्त सरकतो. आधी आतून फुगवटा काढायचा, मग भांड्यात राळ भरून बाहेरून बारकावे ठोकायचे.

उठावाचं काम ओळखणं सोपं आहे. खरा घोळ होतो तो सपाट ठोकीव कामात. त्यात उठाव नसतो. बोथट छिन्नी आणि हातोडीने बाहेरूनच रेषा दाबत नेलेली असते आणि समोरून ती अगदी कोरल्यासारखी दिसते. अशा वेळी भांड्याच्या आत बघा. पत्रा पातळ असेल तर ठोकलेल्या रेषेचा माग आतल्या बाजूला दिसतो. कोरलेल्या रेषेचा सहसा दिसत नाही. पत्रा जाड असेल तर भिंग घ्या आणि उजेड तिरपा पडू द्या. ठोकलेल्या रेषेचा तळ गोलसर असतो, काठ मऊ असतात आणि छिन्नी पुढे सरकवल्याच्या खुणा टप्प्याटप्प्याने दिसतात. कोरलेली रेषा धारदार आणि चकचकीत असते. ती बारीक सुरू होते, मधे रुंदावते, पुन्हा बारीक होते.

याचा व्यवहारात उपयोग आहे. जुन्या मालकाची अक्षरं घासून काढली असतील तर तिथला पत्रा पातळ होतो. अंगठ्याने हलकेच दाबून बघा. लवत असेल तर भांडं घेऊ नका. भोवतालच्या वेली झिजलेल्या आणि अक्षरांचे काठ मात्र करकरीत असतील, तर ती अक्षरं नंतर घातलेली आहेत.

शुद्धतेच्या शिक्क्यांवर फार विसंबू नका. भारतात तेव्हा ब्रिटनसारखी सक्तीची शुद्धता-तपासणी नव्हती, आणि कलकत्त्याच्या हॅमिल्टन अँड कंपनीसारख्या पेढ्या ब्रिटिश धाटणीचे शिक्के स्वतःच मारत.

आणि ठोकीव भांडं मशीनवर पॉलिश करायला कधीही देऊ नका. नक्षीच्या उठावावरचे बारकावे त्यात झिजून जातात.