कराड–चिपळूण रस्ता

कराड–चिपळूण रस्ता : सातारा जिल्ह्यातील कराड आणि रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण या दोन जुन्या बाजारपेठांना पाटणमार्गे जोडणारा, सुमारे १०० किमी. लांबीचा रस्ता. सह्याद्रीची मुख्य रांग तो कुंभार्ली घाटाने ओलांडतो. कागदोपत्री हा गुहागर–चिपळूण–कराड–विटा–जत–विजापूर या लांब मार्गाचा मधला तुकडा आहे. आधी राज्य महामार्ग असलेल्या त्या मार्गाला पुढे राष्ट्रीय महामार्ग १६६ई हा क्रमांक मिळाला. प्रवासी मात्र क्रमांक सांगत नाहीत. ‘कुंभार्लीनं आलो’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला सगळा रस्ता कळतो.

रस्ता इथेच का, याचे उत्तर कोयना नदीत आहे. महाबळेश्वराजवळ उगम पावणारी कोयना साठ-पासष्ट किमी. सह्याद्रीच्या कण्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते आणि हेळवाकपाशी एकाएकी काटकोनात वळून पूर्वेची वाट धरते. तिथून पाटणवरून कराडपर्यंत तिने रुंद, जवळजवळ सपाट खोरे कोरून ठेवले आहे. कराडहून निघालेला रस्ता हेच खोरे धरून जातो, त्यामुळे हेळवाकपर्यंत चढ असा जाणवतच नाही. त्यापुढे पाणलोटाची धार, म्हणजे पावसाचे पाणी पूर्व-पश्चिम वाटून देणारा डोंगरकणा, अगदी जवळ असते. थोडे चढले की घाटमाथा येतो आणि पलीकडे कोकण एकदम खाली दिसते. चिपळूण समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंचीवर आहे. देशावरून येणाऱ्याला हा उतरण्याचा घाट. चढ काय असतो ते चिपळूणहून निघालेल्या गाडीला विचारावे.

कराडच्या बाजूने रस्ता पुणे–बंगळूर महामार्गावरील वारुंजी फाट्यापासून सुरू होतो. सुपने, साकुर्डी ही गावे मागे टाकीत तो वसंतगडाच्या पायथ्याने जातो. पुढे निसरे, मल्हारपेठ, नवारस्ता आणि मग पाटण. पाटण हे तालुक्याचे ठिकाण कोयना आणि केरा या नद्यांच्या संगमावर आहे. वायव्येला दातेगड ऊर्फ सुंदरगड आहे आणि आसपासच्या पठारांवर पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. पाटणनंतर येडोबाच्या यात्रेसाठी प्रसिद्ध असलेले येराड लागते. मग खोरे अरुंद होत जाते, ऊस मागे पडतो, भातखाचरे सुरू होतात आणि कोयनानगर, रासाटी, हेळवाक ही गावे एकामागून एक येतात. हेळवाकच्या पुढे घाटमाथा याच नावाची वस्ती आहे. घाट उतरल्यावर पोफळी, शिरगाव, पिंपळी, खेर्डी ही गावे घेत रस्ता चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर मुंबई–गोवा महामार्गाला भेटतो.

एवढ्या अंतरात पावसाचे मान किती बदलते हे नकाशावर कळत नाही. कराडला वर्षाकाठी सातशे मिमी.च्या आसपास पाऊस होतो. त्याच रस्त्यावर साठेक किमी. पश्चिमेला कोयनानगरला तो पाच हजारांच्या घरात जातो. जुलैत कराडहून कोरड्या कपड्यांनी निघालेला दुचाकीस्वार पाटणपुढे कुठेतरी थांबून रेनकोट चढवतो, आणि घाटमाथ्यावर धुक्यामुळे त्याला पुढच्या ट्रकचे फक्त लाल दिवे दिसतात.

हा मार्ग किती जुना, याचा नेमका शक सांगता येईल असा लेख नाही. पण त्याची दोन्ही टोके फार जुनी आहेत. मध्य प्रदेशातील भारहूतच्या स्तूपावरील इ. स. पू. काळातील दानलेखांत करहाकट म्हणून येणारे नगर म्हणजे कराड. शहरालगतच्या आगाशिवच्या डोंगरात बौद्ध लेणी आहेत. पश्चिमेला, चिपळूणवरून वाहणाऱ्या वाशिष्ठी नदीच्या मुखाशी दाभोळ हे बहमनी आणि आदिलशाही काळात नावाजलेले बंदर होते. भरतीच्या पाण्यावर गलबते दाभोळच्या खाडीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत वर येत आणि तिथून माल घाटाकडे निघे. चिपळूणहून कराडकडे येणाऱ्या वाटेवर नजर ठेवायला वसंतगडाइतकी सोयीची जागा दुसरी नव्हती. परंपरेने तो शिलाहारकालीन मानला जातो. अफझलखानाच्या वधानंतर १६५९ मध्ये शिवाजी महाराजांनी तो घेतला आणि १६९९ मध्ये औरंगजेबाने जिंकला. त्याने गडाला दिलेले ‘किलीद-इ-फतेह’, म्हणजे विजयाची किल्ली, हे नाव पुरेसे बोलके आहे.

या काळात घाट म्हणजे बैलांच्या तांड्यांची आणि डोक्यावर ओझे घेतलेल्या माणसांची वाट होती. १८१८ नंतर घाटाखालचा मुलूख थेट इंग्रजी अमलात गेला आणि वरचा साताऱ्याच्या छत्रपतींकडे राहिला, त्यामुळे दोन राज्यांची हद्द घाटमाथ्यावर आली. १८४८ मध्ये साताऱ्याचे राज्य खालसा झाल्यावर दोन्ही बाजू एकाच सरकारच्या हाती आल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंभार्लीतून बैलगाडी जाईल असा रस्ता झाला आणि चिपळूणच्या व्यापाराला जोर आला. देशावरून गूळ, मिरची, तेल, तूप, कापूस खाली येई. परतीच्या गाड्यांत मीठ, नारळ, सुके मासे, खजूर, साखर आणि मुंबईहून आलेले कापड भरले जाई. मीठ आणि मिरची हा या घाटाचा खरा पाया, असे म्हटले तर ते फारसे चुकणार नाही. भरलेली गाडी चढवताना एक माणूस मागून हातात दगड घेऊन चाले आणि बैल दमले की चाकाखाली उटी लावी. ही युक्ती गाड्यांबरोबर गेली नाही. घाटात बंद पडलेल्या ट्रकच्या मागच्या चाकाखाली आजही दगडच सरकवतात, आणि ट्रक निघून गेल्यावर तो दगड तिथेच, रस्त्याच्या मधोमध राहतो.

गाडीरस्त्याचे हे चांगले दिवस फार टिकले नाहीत. १८८० च्या दशकात पुणे–मिरज लोहमार्ग झाला आणि कराडचा माल गोवळकोटच्या गलबतांऐवजी रेल्वेच्या डब्यांत चढू लागला. कराडचे स्थानक शहरापासून दूर, पूर्वेला आहे. विसाव्या शतकात त्या बाजूला ओगलेवाडीचा काच कारखाना आणि त्याचा प्रभाकर कंदील नावारूपाला आला. म्हणजे कराडने तोंड फिरवून पूर्वेकडे पाहायला सुरुवात केली होती. घाट मोकळा पडला नाही, पण त्याचा तोरा गेला.

तो परत आला धरणामुळे. कोयना वळते त्याच्या जरा वर नदी अडवायची आणि तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून कोकणात सोडून वीज करायची, ही कल्पना स्वातंत्र्यानंतर प्रत्यक्षात आली. रस्त्याला जे भौगोलिक वैशिष्ट्य उपयोगी पडले तेच इथेही पडले : नदी उंचावर, पाणलोटाची धार तिच्या काठाशी आणि पलीकडे पावणेपाचशे मीटरच्या आसपास सरळ उतार. १०३ मी. उंचीच्या धरणाने झालेल्या जलाशयाला शिवाजीसागर असे नाव मिळाले. पोफळीला डोंगराच्या आत वीजघर कोरले गेले आणि १९६२ पासून वीजनिर्मिती सुरू झाली. पुढचे टप्पे मिळून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट झाली. सिमेंट, लोखंड, यंत्रे आणि हजारो मजूर याच रस्त्याने आले. कोयनानगर, पोफळी, अलोरे या वसाहती त्यातून उभ्या राहिल्या. कुंभार्लीची वळणे उतरताना प्रवाशाला दिसत नाही, पण त्याच्या उजव्या हाताला डोंगराच्या आतून कोयनेचे पाणीही तेवढेच खाली उतरत असते. ते वाशिष्ठीला मिळते, म्हणून चिपळूणची ही नदी ऐन मे महिन्यातही वाहती असते. कोयना ही कृष्णेची उपनदी. पूर्वेकडे वाहणाऱ्या कृष्णेचे पाणी असे पश्चिमेला वळवायचे तर त्याला हद्द हवी. कृष्णा पाणीतंटा लवादाने ती कोयनेसाठी वर्षाला ६७.५ अब्ज घनफूट ठरवून दिली.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयना परिसरात सुमारे ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली, कोयनानगरची बहुतेक घरे पडली. धरणाला भेगा गेल्या, पण ते उभे राहिले. जलाशयात साठवलेल्या पाण्यामुळे भूकंप होतो का, या प्रश्नावर जगात जिथे जिथे चर्चा होते तिथे कोयनेचे नाव येते, आणि लहानमोठे धक्के या खोऱ्यात अजूनही बसतात. त्यांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारने कराडला प्रयोगशाळा काढली असून गोठणे येथे ३ किमी. खोलीचे छिद्र खडकात घेतले गेले आहे. रस्त्याच्या कडेच्या गावांत याची चर्चा साध्या भाषेत होते : ‘रात्री भांडी वाजली का?’

घाटाची आजची दुखणी पावसाळ्यातली आहेत. दरड, खचलेली कड, वाहून गेलेली मोरी आणि वळणावर अडकलेला लांब ट्रेलर यांपैकी काही ना काही दर वर्षी ठरलेले. सोनपात्रा हे घाटातील वळण चालकांच्या बोलण्यात वारंवार येते. २२ आणि २३ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत रस्त्याची दोन्ही टोके एकाच वेळी सापडली. खाली चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. वर पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. कोयना प्रकल्पाच्याच, घाटाखालच्या कोळकेवाडी धरणातून सोडलेल्या पाण्याने चिपळूणचा पूर वाढला की नाही, यावर नंतर बराच वाद रंगला. राष्ट्रीय महामार्ग झाल्यावर कराडच्या बाजूला काँक्रीटीकरणाचे काम टप्प्याटप्प्याने हाती घेतले गेले. घाट मात्र अरुंदच आहे, आणि तो किती रुंद करता येईल हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. रस्त्याच्या उत्तरेला कोयना अभयारण्य, दक्षिणेला चांदोली राष्ट्रीय उद्यान. दोन्ही मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. या दोन जंगलांमध्ये ये-जा करणाऱ्या जनावराला हा रस्ता ओलांडावाच लागतो. डोंगर फोडून चौपदरी रस्ता केला तर ट्रकचा वेळ वाचेल, पण गव्यांनी जायचे कुठून, हे आराखड्यात आधी दाखवावे लागेल.

कराड–चिपळूण लोहमार्गाची मागणी जुनी आहे. कोकण रेल्वेमुळे चिपळूणलाही स्थानक मिळाले आणि १९९८ मध्ये ती पूर्ण सुरू झाल्यावर दोन रेल्वेमार्गांच्या मध्ये उरलेला हा शंभरेक किमी.चा तुकडा जोडावा, असे पुन्हा बोलले जाऊ लागले. सर्वेक्षणे झाली, घोषणा झाल्या. रूळ पडले नाहीत. कोकण रेल्वेने उतरून कराडला निघालेला प्रवासी अजून बहादूरशेख नाक्यावर एसटीची वाट पाहत उभा असतो, आणि गाडी आली की घाटाच्या बाजूची खिडकी धरतो.