बॅकअप झाला म्हणजे रिकव्हरी होईलच, हे कुणी सांगितलं?

मेनफ्रेमच्या (बँका वगैरे वापरतात त्या मोठ्या संगणकाच्या) बॅचवर, म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या जॉबांच्या साखळीवर, काम करणाऱ्या कुणालाही विचारा, "रिकव्हरी तपासता का?" उत्तर ठरलेलं असतं: "हो, बॅकअप जॉब रोज झीरोने संपतो." म्हणजे विनाचूक. विचारलं एक, सांगितलं भलतंच. बडोद्यात दांडिया बाजारातून रात्रपाळीला निघणारी आमची पोरंही हेच सांगतात आणि त्यांचे मॅनेजरही. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

बॅकअपची तपासणी सगळ्यांना येते. जॉब चालला का, रिटर्न कोड (जॉब कसा संपला ते सांगणारा आकडा) काय, कॉपी कॅटलॉग झाली का, म्हणजे फाइलींच्या सूचीत नोंदली गेली का, किती दिवस ठेवायची. शेड्युलरमध्ये (जॉब वेळेवर सोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) अलर्ट लावला की काम संपलं. मिररिंगलाच बॅकअप म्हणणाऱ्यांसाठी एवढंच: प्रोग्रामने चुकीचं लिहिलं की मिरर तेच चुकीचं लगोलग पलीकडच्या डिस्कवर नेऊन ठेवतो.

रिकव्हरीची तपासणी निराळं विचारते. बॅच मध्येच पडली, तर ती पुन्हा उभी करायला ज्या ज्या फाइली लागतील, त्या सगळ्यांच्या कॉपी एकमेकींशी जुळणाऱ्या वेळेच्या आहेत का? कॉपी असते हो. घोटाळा होतो तो ती कधीची आहे यात.

खात्यांची मास्टर फाइल घ्या. व्हीसॅम केएसडीएस, म्हणजे किल्लीने रेकॉर्ड शोधता येणारी, जागच्या जागी अपडेट होणारी. दिवसभराचे व्यवहार दुसऱ्या फाइलीत. एचएसएम (आपोआप बॅकअप घेणारा प्रोग्राम) त्याच्या ठरल्या वेळी येतो आणि बदललेल्या फाइली उचलतो. बॅच कुठवर आली आहे याचा त्याला पत्ता नसतो. समजा व्यवहारांची फाइल त्याने साडेअकराला घेतली आणि मास्टर दीड वाजता, पोस्टिंग (व्यवहार मास्टरमध्ये चढवणं) उरकल्यावर. दोन्ही कॉपी निर्दोष, रिपोर्ट हिरवागार. आता त्या दोन्ही परत आणून पोस्टिंग चालवा: प्रत्येक व्यवहार दुसऱ्यांदा बसेल. रोजमेळ दुपारी उतरवला आणि खतावणी रात्री, तर अक्षर कितीही वळणदार असो, मेळ कसा बसणार? मांडवीतल्या जुन्या पेढीवरच्या कुठल्याही मुनीमजींना हे शिकवावं लागलं नसतं.

डीबी टूवाले (डेटाबेसवाले) इथे मान हलवतात, "आमच्याकडे असं होत नाही." बरोबर आहे. टेबलांना लॉग (प्रत्येक बदलाची नोंद) असतो, इमेज कॉपी (टेबलाची प्रत) आणि लॉग मिळून हवा तो क्षण गाठता येतो. साध्या सिक्वेन्शियल फाइलीला आणि बॅचमधल्या बहुतेक व्हीसॅमला हे भाग्य नाही. तिथे कॉपी ज्या वेळेची, त्याच वेळेला तुम्ही परत जाता.

माझा खास राग डीएसएस डंपमधल्या (फाइलींची कॉपी घेणाऱ्या प्रोग्राममधल्या) टॉलरेट एन्क्यूफेल्युअर या पर्यायावर. फाइल दुसऱ्या कुणी धरून ठेवली असली तरी कॉपी घे, असा त्याचा अर्थ. एके काळी जॉब पडत होता म्हणून कुणीतरी घातलेला असतो, मग काढायला कुणी धजत नाही. डंप चारने (म्हणजे नुसता इशारा देऊन) संपतो, शेड्युलरला 'चार चालेल' असं सांगून ठेवलेलं असतं, आणि अर्धवट अपडेट झालेली फाइल बॅकअप म्हणून मिरवते.

जीडीजीचा (एकाच नावाखाली क्रमाने ठेवलेल्या फाइलींच्या पिढ्यांचा) घोळ याच जातीचा. झीरो (चालू पिढी) वाचून प्लस वन (पुढची) लिहिणारा जॉब शेवटच्या स्टेपला पडला, पण नवी जनरेशन तोवर कॅटलॉग झालेली होती. आता जॉब पहिल्यापासून नुसता सबमिट केलात, तर झीरो म्हणजे तीच नवी फाइल. जुनी मायनस वन म्हणून शाबूत आहे, तिच्याकडे कुणी बघत नाही. रीरनच्या आधी ती नवी जनरेशन काढून टाका, किंवा शेड्युलरच्या रीस्टार्टला ते काम करू द्या.

"काका, पण लागणाऱ्या फाइलींची यादी कुठून आणायची?"

एक्सेलमधून नाही, बाबा. हाताने केलेली यादी पुढच्या रिलीजला शिळी होते. एसएमएफच्या (सिस्टिम स्वतःच ठेवते त्या) नोंदी रोज पडतच असतात: साध्या फाइलींसाठी प्रकार १४ आणि १५, व्हीसॅमसाठी ६२ आणि ६४. त्या वेळेच्या क्रमाने लावा. बॅचच्या चक्रात जी फाइल आधी लिहिली गेली आणि मग वाचली, ती रीरनमध्ये पुन्हा तयार होते, तिला सोडा. जी तयार न करताच वाचली किंवा अपडेट केली, ती बाहेरून आणावी लागेल. तीच तुमची यादी. फक्त डिस्प मॉडने (शेवटी भर घालायला) उघडलेल्या फाइलींवर नजर ठेवा. नोंदीत त्या लिहिलेल्या दिसतात, पण त्यांना जुना मजकूर लागतोच.

मग यादीतल्या प्रत्येक फाइलीसाठी रोज एकच तपासणी: आधीच्या लिहिणाऱ्या जॉबने फाइल बंद केल्यावर कॉपी सुरू झाली का, आणि पुढच्याने उघडायच्या आत संपली का? एकमेकींवर अवलंबून असलेल्या फाइलींच्या कॉपी एकाच मोकळ्या फटीत बसल्या पाहिजेत. काल यादीत नव्हती अशी फाइल आज आली, तर तेही कळलं पाहिजे. एवढं करायला फार मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. सॉर्ट आणि थोडं रेक्स (मेनफ्रेमवरची स्क्रिप्टची भाषा) पुरतं.

खरी रीस्टोअर मात्र अधूनमधून करावीच, दुसऱ्या नावाखाली, रिनेमयू हा पर्याय देऊन. रेकॉर्ड मोजून थांबू नका, शिलकेची बेरीज कंट्रोल रिपोर्टशी ताडा. नाही जुळली तर स्टेपने बारा (चूक झाल्याचा कोड) द्यावा. अलर्ट बॅकअपवाल्यांना नको, ॲप्लिकेशनच्या माणसाला जाऊ दे. कोणती फाइल कोणाच्या आधी लागते हे त्यालाच ठाऊक असतं.