कोडिंग शैली : नवशिक्यांना शिकवण्याची पद्धत

प्रोग्रॅम नुसता चालावा एवढ्यासाठी नव्हे, तर दुसऱ्याला वाचता यावा म्हणून पाळायच्या लेखननियमांना कोडिंग शैली म्हणतात. ओळ किती आत सरकवायची, महिरपी कंस कुठे उघडायचा, व्हेरिएबलला (किंमत साठवायच्या जागेला) नाव काय द्यायचे, हा तिचा विषय. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी २००१ पासून ‘पेप ८’ हा नियमसंच आहे : आत सरकवण्याची एक पायरी ४ स्पेसची, ओळ फार तर ७९ अक्षरांची. लिनक्स या प्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, सी भाषेतल्या कोडमध्ये पायरी ८ अक्षरांची असते. दोन्ही चालतात, एका फाइलीत दोन्ही नकोत.

विदर्भातल्या तालुक्याच्या गावी, महाविद्यालयात किंवा आयटीआयच्या कोपा (संगणक चालक व प्रोग्रॅमिंग सहायक) ट्रेडला प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मराठी माध्यमाच्या मुलांना व्हेरिएबलचे नाव मराठीच सुचते. ते चांगलेच आहे. ‘एक्स’पेक्षा ‘चुकारा’ (विकलेल्या मालाचे मिळणारे पैसे) केव्हाही बरा. अडचण रोमन स्पेलिंगची. ‘वजन’ कोणी व्हीने लिहितो, कोणी डब्ल्यूने. ‘कापूस’मध्ये कोणी एक यू घालतो, कोणी दोन ओ. सी भाषेत आधी जाहीर न केलेले नाव आले की कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, तिथेच अडवतो. पायथन अडवेलच असे नाही. समजा कापसाच्या तीन गाड्या आहेत, १२, ९ आणि १५ क्विंटलच्या, आणि दर ७,००० रुपये. लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींमध्ये, बेरीज करताना बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडे वजन डब्ल्यूने आणि उजवीकडे व्हीने लिहिले, तर डावीकडे गुपचूप एक नवे व्हेरिएबल तयार होते. मूळचे शून्यच राहते, एरर येत नाही आणि चुकारा निघतो शून्य रुपये. म्हणून पहिल्याच तासाला वापरातल्या २०–२५ मराठी शब्दांची ठरलेली स्पेलिंगे लॅबच्या भिंतीवर लावावीत. पायथन ३ मध्ये नावे देवनागरीतही देता येतात, पण दर ओळीला कीबोर्ड बदलण्यात तास जातो.

इंडेंटेशन, म्हणजे ओळ आत सरकवणे, शिकवायला हाच हिशेब पुरतो. चुकारा काढून छापणारी ओळ लूपच्या बाहेर असली तर एकच आकडा येतो, २,५२,०००. तीच ओळ ४ स्पेस आत गेली की ८४,०००, १,४७,००० आणि २,५२,००० असे तीन चुकारे छापले जातात. मुलांना हे दोन्ही चालवून दाखवावे. नियम तोंडी सांगून मुरत नाही. सीमध्ये ओळ आत सरकवल्याने अर्थ बदलत नाही, आणि धोका नेमका तोच : ‘इफ’ या अटीखाली कंस न घालता दोन ओळी लिहिल्या तर दुसरी दिसते आत, पण चालते नेहमीच. २०१४ मध्ये ॲपलच्या प्रणालींमध्ये अशीच एक ओळ चुकून दोनदा पडली होती आणि सुरक्षित जोडणीतली सही तपासण्याचा भाग वगळला जात होता. तेव्हा एका ओळीच्या ‘इफ’लाही कंस घालायचा, ही सवय पहिल्या आठवड्यातच लावावी.

टॅब आणि स्पेसची सरमिसळ डोळ्यांना दिसत नाही. नोटपॅडमध्ये टॅब ८ अक्षरांएवढा रुंद दिसतो, दुसऱ्या एडिटरमध्ये ४. पेन ड्राइव्हवरून घरी नेलेली फाइल दुसऱ्या दिवशी वाकडी दिसते, ती यामुळे. पायथन ३ तर संदिग्ध सरमिसळीला ‘टॅब एरर’ देऊन थांबतो. पायथनसोबत येणाऱ्या आयडल या एडिटरच्या फॉरमॅट मेन्यूतले ‘अनटॅबिफाय रीजन’ (टॅबच्या जागी स्पेस घालणे) हा त्यावर उपाय. मोबाइलवरच्या मेसेजमधून उचललेल्या कोडची तऱ्हा वेगळी : सुरुवातीच्या स्पेस गळतात आणि सरळ अवतरणचिन्हे वाकडी होतात. मग सीचा कंपायलर ‘स्ट्रे’ (भलतेच अक्षर) म्हणून ओरडतो आणि विद्यार्थी चूक शोधत बसतो भलत्याच ओळीत.

नियमपत्रक एका पानाचे आणि ६–८ नियमांचेच असावे. थिअरीचे सर कंस त्याच ओळीत उघडतात, प्रॅक्टिकलच्या मॅडम पुढच्या ओळीत, असे झाले की पत्रकाला अर्थ उरत नाही. फळ्यावरचा कोडही त्याच नियमांनी लिहायचा. जर्नल हाताने लिहावी लागते, तेव्हा कच्च्या कामाला गणिताची चौकटीची वही घ्यावी : एक चौकट म्हणजे एक स्पेस, पायरीला ४ चौकटी. लाइट गेल्यावरही हाच सराव घेता येतो. १५ ओळींचा प्रोग्रॅम सगळे इंडेंटेशन काढून छापून ठेवायचा आणि जोडीने पेन्सिलीने पुन्हा मांडायला लावायचा.

शैलीला १० पैकी २ गुण पुरेत. शून्य गुण ठेवले तर कोणी पाळत नाही, ५ ठेवले तर चुकीचे उत्तर देणारा नीटनेटका प्रोग्रॅम पास होतो. कोड आपोआप मांडून देणारी साधने, जसे कोडब्लॉक्समधले एस्टाइल किंवा पायथनचे ब्लॅक, पहिल्या सत्रात देऊ नयेत. ती लूपबाहेर राहिलेली ओळ लूपमध्ये नेत नाहीत, आणि व्हीचा डब्ल्यूही करत नाहीत.