रिलॅक्सर सोडून मूळच्या केसांकडे

रासायनिक रिलॅक्सरने कायमचे सरळ केलेले केस तसेच वाढू देणे, मुळाशी येणाऱ्या नव्या कुरळ्या केसांना पुन्हा रिलॅक्सर न लावणे आणि जुना सरळ भाग थोडा थोडा किंवा एकदम कापून टाकणे, या सगळ्या काळाला ‘ट्रान्झिशनिंग’ म्हणतात. ही रीत मुख्यतः अमेरिकेतील आफ्रिकन वंशाच्या स्त्रियांची. कॅरिबियन बेटे, ब्रिटन, नायजेरिया व दक्षिण आफ्रिका येथेही ती रुजली आहे. या काळात एकाच डोक्यावर दोन वेगळ्या स्वभावांचे केस सांभाळावे लागतात. ते सांभाळायचा सगळ्यांत खात्रीचा उपाय म्हणजे वेण्या, आणि नेमक्या वेण्यांवरच अमेरिकेतील कचेऱ्या, शाळा व लष्कर यांनी दीर्घकाळ आक्षेप घेतला. म्हणून या विषयात रसायनशास्त्राइतकाच कायदाही येतो.

रिलॅक्सरचे रसायन

केस केराटिन या प्रथिनाचे बनलेले असतात. केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या दोन-दोन अणूंच्या बंधांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि केसाचे वळण टिकवण्यात या बंधांचा मोठा वाटा असतो. जुन्या पद्धतीच्या रिलॅक्सरमधले मुख्य द्रव्य सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे साबण करताना वापरतात तो कॉस्टिक सोडा. या क्रीमचा सामू (pH, आम्ल-अल्कतेचे माप) १२ ते १४ च्या दरम्यान, म्हणजे तीव्र अल्कधर्मी असतो. ते केसाचे बाहेरचे खवले फुगवून आत शिरते आणि गंधकाच्या जोडीतला एक अणू काढून टाकते. उरतो तो एकाच गंधकाचा, लँथिओनिन नावाचा बंध. हा बदल उलटवता येत नाही. तापवलेल्या कंगव्याने सरळ केलेला केस पाणी लागताच पुन्हा आखडतो, कारण तिथे फक्त हायड्रोजनचे कच्चे बंध सुटलेले असतात. रिलॅक्सर लागलेला केस मात्र कापेपर्यंत सरळच राहतो. त्याला पुन्हा कुरळे करण्याचा दावा करणाऱ्या तेलांवर व क्रीमवर पैसे घालवू नयेत.

‘नो-लाय’ (कॉस्टिक सोडा नसलेला) म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रकारात कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि ग्वानिडीन कार्बोनेट ऐन वेळी कालवतात. डोक्याची आग त्यात थोडी कमी होते, पण कॅल्शियमचा थर बसून केस कोरडे पडतात, आणि सामू तोही चढाच. कोणताही प्रकार लावण्याआधी डोक्याच्या त्वचेवर, कपाळाच्या कडेला आणि कानांवर पेट्रोलियम जेली थापावी लागते. आदल्या एक-दोन दिवसांत डोके खाजवलेले असेल तर ओरखड्याच्या जागी चरचरून भाजते. केस नीट सरळ व्हावेत म्हणून ती आग दात-ओठ खाऊन सोसण्याची सवय कित्येक मुलींना प्राथमिक शाळेच्या वयातच लागलेली असते. त्यानंतर दर सहा ते दहा आठवड्यांनी मुळाशी वाढलेल्या केसांना ‘टच-अप’. तो चुकवला की ट्रान्झिशन सुरू झालेच, मग कोणी ते ठरवून करो वा पार्लरच्या खर्चाला कंटाळून.

दोन केसांमधली सीमा

डोक्याचे केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. तीन-चार महिन्यांनी मुळाशी घट्ट वळणांचा दाट पट्टा आणि खाली लोंबणारे सरळ शेंडे असे चित्र दिसू लागते. दोन्ही जिथे मिळतात त्या जागेला ‘लाइन ऑफ डिमार्केशन’ म्हणतात. केस तुटतात ते बहुतेक तिथेच. रसायनाने कमकुवत झालेला भाग आणि स्प्रिंगसारखा आखडणारा नवा भाग पाणी वेगवेगळ्या तऱ्हेने शोषतात, वेगवेगळे ताणले जातात, आणि सगळी ओढ त्या एका बिंदूवर येते.

म्हणून केस धुण्याचा दिवस हा या काळातला कळीचा दिवस. अर्धा दिवस त्यात सहज जातो. केसांचे चार ते आठ भाग करून प्रत्येक भाग चिमट्याने वेगळा अडकवतात, म्हणजे एकाचा गुंता दुसऱ्यात जात नाही. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोपडून आधी नुसत्या बोटांनी गाठी सोडवतात, मग मोठ्या दातांचा कंगवा. कंगवा शेंड्यापासून सुरू करून वर-वर सरकवायचा. मुळापासून खाली ओढला तर गुंता सीमेवर जाऊन घट्ट बसतो आणि बट तिथूनच हातात येते. दुसऱ्या हाताच्या चिमटीत बट सीमेच्या किंचित वर पक्की धरून ठेवली, तर खालची ओढ मुळापर्यंत पोचत नाही. कोरडे केस विंचरायचे नाहीत. घट्ट वळणांच्या केसांत डोक्याचे तेल शेंड्यापर्यंत उतरत नाही, म्हणून धुतल्यावर पाणी केसातच राहावे यासाठी न धुवायचे कंडिशनर आणि वरून शिया बटर किंवा एरंडेल लावतात, आणि रात्री सॅटिनची टोपी घालून झोपतात. सुती उशी ओलावा शोषते आणि केस घासून तुटतात.

जुना भाग काढायचे दोन मार्ग आहेत. ‘बिग चॉप’ म्हणजे सगळा सरळ भाग एका बैठकीत कापून टाकणे. काही जणी दोन-तीन महिन्यांतच तो करतात आणि बोटभर उंचीच्या केसांनी सुरुवात करतात. दुसरा मार्ग लांबचा: वर्ष, दीड वर्ष, कधी दोन वर्षे दर काही आठवड्यांनी थोडेथोडे शेंडे छाटत राहायचे. लांबी सोडवत नसेल किंवा कामाच्या ठिकाणी एकदम बदल करणे जड जाणार असेल, तर हा मार्ग धरतात. केसांच्या दृष्टीने पाहिले तर बिग चॉपच सोपा. लांबच्या मार्गात सीमेवरची तूट शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. पण कोणाला किती धीर निघतो, कोणाच्या घरी काय ऐकावे लागते, हे कात्रीला कळत नाही, तेव्हा या बाबतीत एकच मार्ग बरोबर ठरवणे योग्य नव्हे.

लांबच्या मार्गाने जाणारीला दोन्ही भाग एकसारखे दिसतील अशा रचना लागतात. ओल्या केसांच्या वेण्या किंवा दोन-दोन बटांचे पीळ घालून ते वाळल्यावर सोडले, की सरळ शेंड्यांनाही लाट येते. शेंडे छोट्या रोलरवर गुंडाळले तर सीमा जवळजवळ लपते. डोक्यालगत घातलेल्या ‘कॉर्नरो’ वेण्या किंवा कृत्रिम केस गुंफलेल्या लांब वेण्या सहा-आठ आठवडे ठेवता येतात, आणि तेवढे दिवस केसांना कंगवा लागत नाही. वेण्या घट्ट असतील तर कपाळाच्या व कानशिलांच्या कडेचे केस ओढीने विरळ होतात आणि ही ओढ वर्षानुवर्षे राहिली तर तिथे केस पुन्हा येतच नाहीत. दुखणारी वेणी त्याच दिवशी सोडावी, हा त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला शब्दशः पाळण्यासारखा आहे. इस्त्री फिरवून मुळे सरळ करणे हा उपाय सोपा दिसतो. वारंवार केल्यास उष्णतेने नव्या केसाचेही वळण मोडते आणि ज्यासाठी एवढी वाट पाहिली तेच हातचे जाते.

विग किंवा ‘वीव्ह’ (डोक्यालगतच्या वेण्यांवर शिवलेले केस) लावून आतले केस वाढवणेही सर्रास चालते, आणि इथे भारताचा थेट संबंध येतो. तिरुमलै येथे भाविकांनी अर्पण केलेल्या केसांचा देवस्थान लिलाव करते, आणि त्यातला लांब, चांगल्या प्रतीचा केस जगभरच्या विगांच्या बाजारात जातो. तिरुपतीला डोके भादरून आलेल्या मराठी माणसाचे केसही त्यात असू शकतात. महाराष्ट्रातल्या पार्लरांत होणारे ‘रिबॉन्डिंग’ व ‘स्मूदनिंग’ मात्र रसायनाच्या दृष्टीने वेगळे. त्यात बहुधा थायोग्लायकोलेट गंधकाचे बंध तोडते आणि दुसऱ्या टप्प्यातले हायड्रोजन पेरॉक्साइड ते सरळ स्थितीत पुन्हा जुळवते. केसावरचा परिणाम कायमचाच. मुळे लाटदार आणि शेंडे सपाट ही तक्रार पुण्या-मुंबईच्या मुलीही करतात, आणि वर सांगितलेली निगा त्यांनाही उपयोगी पडते. हायड्रॉक्साइडचा रिलॅक्सर लागलेल्या केसांवर थायोग्लायकोलेट मात्र कधीही लावू नये. केस अक्षरशः तुटून पडतात.

केस सरळ करण्याची सक्ती कुठून आली

अमेरिकेतील गुलामगिरीच्या काळापासून युरोपीय वळणाच्या केसांना ‘चांगले केस’ मानले गेले. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालच्या लुइझियानात गव्हर्नर एस्तेबान मिरो याने कृष्णवर्णीय स्वतंत्र स्त्रियांनी केस रुमालाने झाकावेत असा हुकूम काढला. गुलामगिरी संपल्यावरही नोकरी व प्रतिष्ठा यांची वाट सरळ केसांतूनच जात राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभी मॅडम सी. जे. वॉकर (१८६७–१९१९) आणि ॲनी टर्नबो मलोन यांनी केसांच्या निगेचे मोठे उद्योग उभारले आणि हजारो स्त्रियांना विक्रीतून स्वतःची कमाई मिळवून दिली. तापवलेल्या कंगव्याचा शोध वॉकरबाईंनी लावला असे पुष्कळदा लिहिले जाते, ते खरे नाही; त्यांनी त्याचा प्रसार केला. वाहतूक सिग्नलच्या १९२३ च्या पेटंटमुळे ठाऊक असलेले क्लीव्हलंडचे गॅरेट मॉर्गन यांनीही १९१३ मध्ये केस सरळ करणारी क्रीम विकायला कंपनी काढली. पुरुषांत केस सरळ करण्याचा ‘कॉन्क’ हा प्रकार चालायचा. त्याचे मिश्रण घरच्या घरी कॉस्टिक सोडा, बटाटे आणि अंडी कालवून करीत. शिकागोत १९५४ मध्ये जॉर्ज जॉन्सन यांनी स्थापन केलेल्या जॉन्सन प्रॉडक्ट्सने आधी पुरुषांसाठी व पुढे स्त्रियांसाठी तयार रिलॅक्सर आणले आणि ही रसायने घराघरांत गेली.

उलटा प्रवाह सुरू झाला तो १९६० च्या दशकात. २८ जानेवारी १९६२ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीत ‘नॅचरली ’६२’ हा कार्यक्रम झाला, त्यात ग्रँडासा मॉडेल्स या तरुणी न सरळ केलेल्या केसांनी व्यासपीठावर आल्या. छायाचित्रकार क्वामे ब्रॅथवेट यांचा त्यामागे मोठा हात होता. ‘ब्लॅक इज ब्युटिफुल’ ही घोषणा त्या वातावरणात पसरली आणि कृष्णवर्णीयांच्या चळवळीतील कार्यकर्त्या अँजेला डेव्हिस यांच्या छायाचित्रांनी अफ्रो, म्हणजे न सरळ केलेल्या केसांचा डोक्याभोवतीचा गोल भार, जगभर पोचवला. १९८० नंतर रिलॅक्सर पुन्हा जोरात आले. २००० नंतरची लाट मात्र निराळी होती: तिच्यात व्यासपीठ नव्हते, घरोघरच्या बायका आपल्याच स्नानगृहात केस धुताना चित्रफिती काढून एकमेकींना शिकवत होत्या. गायिका सोलांज नोल्स यांनी २००९ मध्ये केस कापले, अभिनेत्री व्हायोला डेव्हिस २०१२ च्या ऑस्कर समारंभाला विग न घालता आल्या.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आणखी एक कारण पुढे आले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या ‘सिस्टर स्टडी’त ३३,४९७ स्त्रियांचा जवळजवळ ११ वर्षे मागोवा घेण्यात आला. वर्षात चारपेक्षा जास्त वेळा केस सरळ करणारी रसायने वापरणाऱ्यांना वयाच्या सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण अंदाजे ४.०५ टक्के, न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आढळले. रसायने वापरल्याचे सांगणाऱ्यांत सुमारे ६० टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या. हा नुसता संबंध आहे; रसायनेच कर्करोगाला कारणीभूत आहेत हे सिद्ध झालेले नाही, आणि कोणत्या उत्पादनात काय होते याची नोंद अभ्यासात नव्हती. तरी पुष्कळ जणींना क्रीम सोडायला एवढे पुरेसे वाटले, आणि ते समजण्यासारखे आहे.

आपलेच अनोळखी केस

सहा-सात वर्षांच्या वयापासून रिलॅक्सर लागलेल्या बाईने स्वतःचे केस मोठेपणी कधी पाहिलेलेच नसतात. वर्षभर वाढवूनही ते कसे दिसतील याचा नीट अंदाज लागत नाही, कारण खालचे सरळ वजन वळण खेचून धरते. कापल्यावर ते एकदम आखडतात; घट्ट वळणांचे केस ताणून मोजलेल्या लांबीच्या निम्म्याहूनही कमी दिसू शकतात, आणि वाढ थांबली की काय असे वाटते. केशरचनाकार आंद्रे वॉकर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली वर्गवारी इथे सगळ्यांच्या तोंडी असते: १ म्हणजे सरळ, २ लाटदार, ३ कुरळे, ४ अतिशय घट्ट. तिचा उपयोग आहे, पण तिच्यामुळे नैसर्गिक केसांच्या चळवळीतच नवी उतरंड तयार झाली. जाहिरातींत सैल, चमकदार वळणांचे केस दिसतात. ४ क्रमांकाच्या सर्वांत घट्ट केसांच्या स्त्रिया, ज्यांना रिलॅक्सरचा सर्वाधिक जाच झाला, त्याच मागे राहतात. त्यांची ही तक्रार खरी आहे.

कायदा

१९७६ मध्ये अमेरिकेच्या सातव्या सर्किटच्या (संघीय न्यायव्यवस्थेतील एका विभागाच्या) अपील न्यायालयाने नोकरीसंबंधीच्या जेन्किन्स खटल्यात अफ्रोवरून केलेला भेदभाव वांशिक ठरू शकतो असे मानले. १९८१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या कर्मचारी रेने रॉजर्स कॉर्नरो वेण्यांसाठी न्यायालयात गेल्या आणि हरल्या. वेण्या निसर्गाने आलेल्या नाहीत, त्या सोडता येतात, असे न्यायालयाचे म्हणणे. कामाच्या वेळेत वेण्यांचा अंबाडा घालून त्यावर खोट्या केसांचे वेष्टन लावायची मुभा कंपनीने दिली होती. वेण्या सोडता येतात हा युक्तिवाद केस न वाढवलेल्या माणसाचा आहे. रिलॅक्सर सोडणारीला अफ्रोपर्यंत पोचायला मध्ये वर्ष-दोन वर्षे काढावी लागतात आणि ती वेण्यांतच निघतात. पोचल्यावर संरक्षण आणि वाटेत नाही, असा त्या निकालांचा एकत्र अर्थ झाला. अमेरिकी लष्कराने २०१४ च्या नियमांत पीळ व जटा यांना मनाई केली, टीकेनंतर त्याच वर्षी पिळांना आणि २०१७ मध्ये जटांना परवानगी दिली. ऑगस्ट २०१६ मध्ये दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया हायस्कूल फॉर गर्ल्सच्या विद्यार्थिनी शाळेच्या केसांविषयीच्या नियमांविरुद्ध उभ्या राहिल्या आणि शिक्षणखात्याला दखल घ्यावी लागली.

कॅलिफोर्नियाचा ‘क्राउन ॲक्ट’ ३ जुलै २०१९ रोजी मंजूर झाला आणि १ जानेवारी २०२० पासून लागू झाला. सेनेटर हॉली मिचेल यांनी मांडलेल्या या कायद्याने वंशाच्या व्याख्येत केसांचा पोत तर घातलाच, शिवाय वेण्या, पीळ व जटा या ‘संरक्षक रचना’ही नावानिशी घातल्या. न्यूयॉर्कने जुलै २०१९ मध्येच आणि पुढे अनेक राज्यांनी असे कायदे केले. संपूर्ण देशासाठीचे विधेयक मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये अडले. टेक्सासचा कायदा १ सप्टेंबर २०२३ पासून लागू झाला. त्यानंतर काही महिन्यांतच, फेब्रुवारी २०२४ मध्ये, तिथल्या न्यायालयाने एका शाळेचा मुलांच्या केसांच्या लांबीवरचा नियम वैध ठरवला, कारण कायद्यात पोत आणि रचना यांचा उल्लेख आहे, लांबीचा नाही.