मधात आलेलं स्टार्ट बटण

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे मोफत अपडेट बंद झाले. त्यानंतर नागपूरच्या बर्डीवरच्या कॉम्प्युटर दुकानांत विंडोज ११ मारून घ्यायला माणसं येऊ लागली, आणि मशीन चालू झालं की बऱ्याच जणांचा पहिला प्रश्न एकच: "भाऊ, हे बटन मधात काहून आलं?" दुकानातला पोरगा सेटिंग्जमध्ये जाऊन ते डाव्या कोपऱ्यात सरकवून देतो. गिऱ्हाईक खूश. पण एखाद्याने अख्खा टास्कबारच वरच्या कडेला मागितला, तर पोरगा मान हलवतो. विंडोज ९५ पासून चालत आलेली ही सोय २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हाच काढून टाकलेली होती.

पडद्याचा चेहरा बनवणाऱ्याने ठरवायचा की समोर बसणाऱ्याने, ही ओढाताण जवळपास डेस्कटॉपइतकीच जुनी आहे. ऑफिसच्या टेबलासारखा पडदा, त्यावर फायली आणि फोल्डरांची चित्रं, ही कल्पना झेरॉक्सच्या स्टार या मशीनने १९८१ मध्ये बाजारात आणली. जानेवारी १९८४ च्या मॅकिंटॉशने त्यात बसणाऱ्याला थोडी मोकळीक दिली. त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये ८ बाय ८ ठिपक्यांचा एक चौकोन होता. कोणता ठिपका काळा, कोणता पांढरा ते आपण ठरवायचं. तोच तुकडा मग पडदाभर पसरायचा. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या बाईला हे शिकवावं लागलं नसतं.

अख्खं चित्र का नाही, तुकडाच का? हिशेब साधा आहे. त्या मॅकची मेमरी होती १२८ केबी. पडदा ५१२ बाय ३४२ ठिपक्यांचा, म्हणजे एका पूर्ण चित्राला २१ केबीच्या वर जागा लागली असती. रांगोळीचा तुकडा मावायचा ८ बाइटमध्ये. पुढे कितीतरी वर्षं वॉलपेपर म्हणजे फरशीसारखा जोडत नेलेला छोटा तुकडा, याचं कारण आवडनिवड नसून ही कंजुषी होती. विंडोज ९५ किमान ४ एमबी मेमरीवर चालायचं. ६४० बाय ४८० चं २५६ रंगांचं चित्र लावलं की ३०० केबी गेलेच. रंगांवर मात्र फारसा खर्च नव्हता, म्हणून १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रंगसंगतींची चंगळ होती. त्यातली 'हॉट डॉग स्टँड' नावाची लालभडक-पिवळी जोडी आजही लोक विनोदाने आठवतात. ती लावून कोणी दिवसभर काम केलं असेल यावर माझा विश्वास नाही.

१९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'प्लस' हा संच वेगळा विकायला काढला. त्यात वॉलपेपर, आयकॉन, माऊसचे बाण आणि आवाज एकाच विषयात बांधलेले असायचे. थीम हा शब्द आपल्याकडे रुळला तो इथून आणि विंडोज ९८ मधून, कारण ९८ मध्ये या थीम आतच मिळू लागल्या.

नागपुरात हे सगळं बहुतेकांच्या हाती लागलं ते घरच्या नव्हे, दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. २००२ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि महाल, सक्करदरा, मेडिकल चौक, जिथे तिथे क्लास निघाले. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिस्प्ले: अभ्यासक्रमातला सगळ्यांचा लाडका धडा तोच. मार्की नावाच्या स्क्रीनसेव्हरमध्ये आपलं नाव टाकायचं आणि ते पडद्यावरून सरकताना बघत बसायचं. स्क्रीनसेव्हरचं मूळ काम वेगळं होतं. जुन्या काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र तासन् तास राहिलं तर आतल्या लेपावर त्याचा कायमचा डाग पडायचा. त्यावर जॉन सोचा यांनी १९८३ मध्ये पडदा काळा करणारा छोटा प्रोग्राम लिहिला. आमच्या क्लासमध्ये डागाची काळजी कोणालाच नव्हती. सकाळच्या बॅचने टाकलेलं नाव दुपारची बॅच पुसायची, त्यावरून भांडणं व्हायची. शेवटी सरांनी सगळ्या मशीनवर क्लासचं नाव टाकून वर पासवर्ड लावला. दहा मशीन, एकच नाव, आणि मागे कूलरची घरघर.

सायबर कॅफेत तर चेहऱ्याचं आयुष्य एका गिऱ्हाइकापुरतं. एकाने ताडोब्याचा वाघ लावला, दुसऱ्याने हिरोईन, तिसऱ्याने साईबाबा. वैतागून मालक असं सॉफ्टवेअर टाकायचे की रीस्टार्ट केलं की सगळं पूर्ववत, म्हणजे पुन्हा ती हिरवी टेकडी आणि निळं आभाळ. 'ब्लिस' नावाचं ते चित्र चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला फोटो आहे. तशी हिरवळ आपल्याकडे श्रावणात दिसते, आणि मे महिन्यात ४५ अंशांत ते चित्र बघताना जरा बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं.

हे चित्र आलं २००१ च्या विंडोज एक्सपीबरोबर. एक्सपीने खिडक्यांना निळा, ऑलिव्ह आणि चंदेरी असे तीन वेश दिले, पण चौथा शिवायचा तर मायक्रोसॉफ्टची सही लागायची. मग हौशी पोरांनी यूएक्सथीम ही सिस्टीम फाइलच बदलायची युक्ती काढली. बिघडलं तर पुन्हा विंडोज मारायची, त्यात काय. असेम्बल केलेल्या मशीनवर विंडोज कुठून आली हे कोणी विचारत नसे. २००८ मध्ये मात्र कंपनीनेच विचारलं. तपासणीत नापास झालेल्या एक्सपीचा वॉलपेपर काळा व्हायचा. बदलला तरी तासाभराने परत काळा. चोरी पकडल्याची शिक्षा म्हणून फाइल उघडणं बंद केलं नाही, चेहरा काढून घेतला, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. पुढच्याच वर्षी विंडोज ७ ची स्टार्टर आवृत्ती आली. ती अस्सल असूनही तिच्यात वॉलपेपर बदलताच येत नव्हता. बदलायचा तर महागडी आवृत्ती घ्या.

विंडोजऐवजी फुकटची लिनक्स वापरणाऱ्यांची तऱ्हा उलटी. एमआयटीत १९८४ मध्ये सुरू झालेल्या एक्स विंडो सिस्टीमचं धोरणच असं होतं की खिडकी काढून द्यायचं काम आमचं, ती कशी दिसावी हे तुम्ही बघा. त्यातून १९९६ मध्ये केडीई आणि १९९७ मध्ये नोम हे लिनक्सचे डेस्कटॉप उभे राहिले. उबुंटू या लिनक्सच्या अवताराची सीडी २०११ पर्यंत टपालाने फुकट यायची. २००६ मध्ये कॉम्पिझ हे खिडक्यांना करामती करायला लावणारं सॉफ्टवेअर आलं आणि डेस्कटॉप घनाकृती ठोकळ्यासारखा गरगर फिरू लागला. इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत त्या ठोकळ्याने जितके लिनक्सभक्त केले, तितके कुठल्या व्याख्यानाने केले नसतील. फिरवून झाल्यावर त्याचं करायचं काय, हे कोणी सांगू शकत नव्हतं. पण इथेही सगळं गोड नव्हतं. २०११ च्या नोम ३ ने जुना मेन्यू आणि खालची पट्टी काढली. चिडलेल्यांनी माते आणि सिनॅमन हे वेगळे डेस्कटॉप उभे केले. आपल्याला न विचारता घरातलं कपाट हलवलं की माणूस चिडतो, मग घर फुकट मिळालेलं का असेना.

अक्षर हाही चेहऱ्याचाच भाग. विंडोज २००० मध्ये मंगल हा र. कृ. जोशी यांनी घडवलेला देवनागरी फॉन्ट आला, तेव्हा कुठे फोल्डरचं नाव सरळ मराठीत लिहिता येऊ लागलं.

बर्डीवरच्या त्या पोराकडे स्टार्ट बटणाखालोखाल दुसरी मागणी येते 'माय कॉम्प्युटर'ची. एक्सपीपासून नव्या मशीनवर फक्त रिसायकल बिन दिसते. बाकीचे आयकॉन मागून घ्यावे लागतात. पोरगा सेटिंग्ज उघडतो, पर्सनलायझेशन, थीम्स, डेस्कटॉप आयकॉन सेटिंग्ज. गुळगुळीत कोपऱ्यांच्या विंडोज ११ मध्ये तिथे अचानक एक जुनाट राखाडी खिडकी उघडते. मागच्या विंडोजमध्ये होती, बहुधा तशीच. गिऱ्हाईक ती बघून म्हणतं, "हे अस्संच सगळं करून द्या न."