महापूर आणि घर सोडण्याची वेळ : कृष्णा-पंचगंगाकाठची पार्श्वभूमी

कृष्णा-पंचगंगेच्या काठाला पूर नवा नाही. घर कधी सोडायचं याचा हिशेब मात्र अलीकडे २००५ च्या महापुरावर बांधला गेला. तेव्हा सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोका पातळी ४५ फुटांची. त्याच वर्षी डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. मग जिल्ह्याचे आराखडे, नियंत्रण कक्ष, पूरबाधित गावांच्या याद्या हे सगळं झालं. काठावरच्या घरांनी मात्र आपली खूण आपणच धरली: २००५ ला पाणी ज्या पायरीला लागलं, त्याच्या वर सामान चढवायचं आणि थांबायचं.

ऑगस्ट २०१९ मध्ये ती खूणच बुडाली. आयर्विनला पाणी ५७ फुटांवर गेलं आणि ‘इतकं येत नाही’ म्हणून थांबलेली कुटुंबं माळ्यावर, गच्चीवर अडकली. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटून १७ जणांचे जीव गेले. घर सोडायला झालेला उशीर शेवटी एका भरगच्च बोटीवर येऊन पडला.

लोक आधीच का निघत नाहीत, याचं उत्तर करवीर तालुक्यातल्या चिखली-आंबेवाडीत सापडतं. १९८९ च्या पुरानंतर या गावांना उंचावर, सोनतळीला भूखंड मिळाले. काही घरं गेली, बरीच राहिली. यावर आजही दोन बाजू आहेत. जागा दिली तरी लोक हलत नाहीत, असं प्रशासन म्हणतं. गावकरी म्हणतात, शेत खाली, गोठा खाली, एका भूखंडावर आता भावाभावांचे तीन संसार कसे मांडायचे? मला गावकऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं. दुभती म्हैस दावणीला बांधलेली असताना कुणीही सहज घर सोडत नाही. जनावरांची सोय न करता काढलेली नोटीस अर्धीच असते.

कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेल्या अलमट्टी धरणाच्या पाणीसाठ्यामुळे इकडे पूर वाढतो का, यावर दोन राज्यांत वर्षानुवर्षं वाद चालला, समित्या बसल्या. घर सोडण्याच्या तयारीवर त्याच्या निम्मीही चर्चा झाली नाही.

जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांच्या वर, म्हणजे तिथल्या २०१९ च्या पातळीच्याही पुढे गेलं. पण यावेळी २०१९ ताजा होता. अनेक गावांत लोकांनी जनावरं आधी हलवली, मग म्हातारी माणसं आणि मुलं. आता पावसाळ्यात बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी जवळ आली की चिखलीतून सोनतळीकडे ट्रॅक्टर सुटू लागतात आणि पहिल्या खेपांना गुरं असतात.